बर्फात चुन्याचं काम: रिडो कालव्यावरचा एक अख्खा हिवाळा

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, रिडो कालवा म्हटलं की लोकांना आधी स्केटिंग आठवतं. बर्फ नीट धरला तर शहरातला ७.८ किलोमीटरचा पट्टा खुला होतो आणि माणसं ऑफिसलासुद्धा स्केट्स घालून जातात. पण त्याच कालव्यावर, शहराच्या जरा दक्षिणेला, ताडपत्र्यांनी गुंडाळलेल्या मोठमोठ्या परांच्या दिसतात आणि त्यांच्या आत दगडी भिंती उघडून दुरुस्त करायचं काम चालू असतं, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गेला हिवाळा मी अशाच एका लॉकवर साइट इंजिनियर म्हणून काढला. त्याआधी पुण्यात आणि कोकणात जुन्या वाड्यांची, देवळांची थोडीफार कामं केली होती, चुना हाताळलेला होता, पण उणे पंचवीसमध्ये चुना कसा वागतो हे मला तिथेच कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडं कालव्याबद्दल. ओटावा ते किंग्स्टन असा हा २०२ किलोमीटरचा जलमार्ग, लेफ्टनंट कर्नल जॉन बाय या ब्रिटिश लष्करी इंजिनियरने १८२६ ते १८३२ मध्ये बांधून घेतला, कारण अमेरिकेशी पुन्हा युद्ध झालं तर सेंट लॉरेन्स नदीचा रस्ता तुटेल ही भीती होती. २००७ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. लॉक म्हणजे बोट खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर उचलायचा मोठा दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजे, साधारण १३४ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. बहुतेक लॉक्सचे दरवाजे आजही माणसं हातानेच चाकं फिरवून उघडतात. हे सगळं जंगलात आणि दलदलीत उभं केलं, मजूर बहुतेक आयरिश आणि फ्रेंच कॅनेडियन, गवंडी बरेचसे स्कॉटिश. साधारण १००० माणसं या कामात दगावली असा अंदाज आहे आणि त्यातली बरीच चक्क मलेरियाने गेली. कॅनडात मलेरिया, माझा आधी विश्वासच बसला नव्हता. भिंतीचा चिरा हलवताना हे डोक्यात असतंच, की हा कुणीतरी तापाने फणफणत इथवर आणलाय.

आता मुद्दा असा की हिवाळ्यातच का? घरच्यांनी, मित्रांनी सगळ्यांनी हेच विचारलं. कारण सरळ आहे, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कालव्यात बोटी चालतात, लॉक बंद करता येत नाही. म्हणजे दगडाला हात लावायचा तर तो बोटी थांबल्यावर, आणि बोटी थांबतात तेव्हाच थंडी सुरू होते. ज्यांनी हा कालवा बांधला त्यांचं वेळापत्रक बरोबर उलटं होतं. ते हिवाळ्यात झाडं तोडायचे, खाणीतून दगड काढायचे, बर्फावरून स्लेजवर ओढून आणून ठेवायचे, कारण दलदलीच्या रस्त्यापेक्षा गोठलेल्या रस्त्यावरून दगड सोपा जातो, आणि भिंत रचायची ती ऊन पडल्यावर. चुन्याला त्यांनी उन्हाळा दिला. आता उन्हाळा बोटींचा, त्यामुळे आम्हाला चुन्यासाठी ताडपत्रीच्या आत वेगळा उन्हाळा तयार करावा लागतो. पूर्ण कामाचं सार हेच आहे खरं तर. दगड उचलणं, रचणं हे गवंडी लोक वर्षानुवर्षं करत आलेत, ते त्यांना येतं. अवघड आहे ते तो खोटा उन्हाळा महिनोन्महिने टिकवणं आणि शेवटी भिंतीला न दुखवता त्यातून बाहेर काढणं.

सुरुवात पाणी काढण्यापासून. लॉकच्या वरच्या बाजूला भिंतीत खाचा असतात, त्यात लाकडी ओंडके एकावर एक सोडून बांध घालतात, खाली तात्पुरता बंधारा, आणि मग पंप. पण पंप लावायच्या आधी मासे काढावे लागतात. जीवशास्त्रज्ञ मंडळी जाळी घेऊन पाण्यात उतरतात, मासे, कासवं, जे असेल ते उचलून नदीत सोडतात, आणि पाणी उतरत जातं तसे परत परत येऊन बघतात. मला हे फार आवडलं, कारण कुणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. मग तळाचा गाळ दिसायला लागतो, तो काढताना पुरातत्त्वाचा माणूस उभा असतो.

पाणी गेल्यावर भिंत पहिल्यांदा पूर्ण दिसते आणि तेव्हा कळतं कुठे काय बिघडलंय. आमच्याकडे दगड चुनखडीचा, करडा, आणि मधल्या काही थरांत दगडाचा चेहराच पापुद्र्यासारखा सुटून आला होता. कारण जुनंच आणि जगभर तेच. विसाव्या शतकात कधीतरी सांध्यांमध्ये कडक पोर्टलँड सिमेंट भरलं गेलं. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी बाहेर पडायची वाट बंद, मग ओल दगडातच अडकते, थंडीत गोठते, पाण्याचा बर्फ झाला की आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, आणि हे ओटावात हिवाळाभर गोठणं-वितळणं, गोठणं-वितळणं चालू राहतं. सांधा तसाच राहतो आणि दगड फुटतो. व्हायला हवं बरोबर उलटं, सांधा मऊ हवा, झिजला तर सांधा झिजावा, कारण सांधा पुन्हा भरता येतो, १८३० च्या सुमाराचा घडीव चिरा पुन्हा मिळत नाही. आपल्याकडे वाड्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून आत ओल कोंडतात तोच प्रकार. फक्त आपल्याकडे परिणाम दिसायला वर्षं जातात, इथे दोन-चार हिवाळ्यांतच दगड सांगायला लागतो.

कुठले दगड काढायचे आणि कुठले नुसते दर्जा भरून, म्हणजे त्यांचे सांधे नव्याने भरून, ठेवायचे यावर बरीच चर्चा झाली. इथलं वारसा जतनाचं तत्त्व कमीत कमी हात लावा असं आहे आणि ते नुसतं कागदावर नाही, एकेका चिऱ्यासमोर उभं राहून वाद होतात. जे काढायचे ठरले त्यांचे आधी फोटो, लेझर स्कॅन, आणि प्रत्येकाला स्टीलचा नंबर-बिल्ला, तोसुद्धा दगडाच्या वरच्या पाठीवर, दर्शनी बाजूला काही लावायचं नाही, रंगाने लिहायचं तर अजिबात नाही. काढलेले दगड भिंतीत जसे होते त्याच क्रमाने अंगणात मांडून ठेवायचे. डिसेंबरमध्ये त्यांच्यावर फूटभर बर्फ पडला आणि ते सगळं अंगण सपाट पांढरं झालं, तेव्हा तो नकाशा हातात असल्याचं महत्त्व कळलं.

दगड सुटता सुटत नव्हते. सांध्यातलं पाणी गोठून तोच चिकटा झालेला. पहार घालून जोर लावला तर कडा तुटणार. मीठ टाकायचं नाही, कारण मीठ दगडात शिरतं आणि पुढची कित्येक वर्षं तो पापुद्रे टाकत बसतो. गॅसची ज्योत लावायची नाही, गोठलेल्या ओल्या दगडावर ज्योत लागली की वरचा थर ताडकन उडतो. मग करायचं काय, तर वाट बघायची. त्या भागाभोवती ताडपत्री बांधून गरम हवा सोडायची आणि दोन-तीन दिवसांनी दगड आपोआप ढिला झाला की लाकडी पाचरी घालून हलवायचा. आमचा मुख्य गवंडी पर्थ गावचा, तिथल्या कॉलेजात वारसा इमारतींचं गवंडीकाम शिकवायचे, आणि त्या गावात तर कालवा झाल्यावर कित्येक स्कॉटिश गवंडी स्थायिकच झाले. हा माणूस दगडावर हात ठेवून, हातमोजा काढून, सांगायचा की आज नाही, उद्या. मी तापमानाचा प्रोब लावून आकडा बघायचे तर तो बरोबर असायचा.

आता ती तंबूची गोष्ट. परांचीभोवती जाड, आत अस्तर असलेल्या ताडपत्र्या, वर प्लायवूडचं छत, बर्फाचं वजन घेईल असं. रोज सकाळी पहिलं काम छतावरचा बर्फ खाली ढकलणं, कारण रात्रीतून बर्फ साचला की छत वाकतं, आणि तो ओला असेल तर वजन भलतंच होतं. शिड्यांवर बर्फाचा काच, तो फोडायचा, रेती टाकायची. दुपारी साडेचारला अंधार. थंडीचे कपडे म्हणजे एकावर एक तीन थर, आणि तंबूच्या आत गेलं की त्यातले दोन काढायचे, बाहेर आलं की परत घालायचे, दिवसातून कितीतरी वेळा, कारण घाम घेऊन बाहेर उणे वीसमध्ये गेलं की अंग लगेच गारठतं.

आत हीटर कुठला लावायचा हा मोठा प्रश्न. प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर स्वस्त पडतो आणि बऱ्याच बांधकामांवर तोच असतो. पण त्याचा धूर आतच राहतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो तो माणसांना घातक, आणि कार्बन डायऑक्साइड असतो तो ताज्या चुन्याच्या वरच्या थराला फार लवकर पकडतो, वरून कडक आतून कच्चा असा सांधा तयार होतो. म्हणून ज्योत बाहेर आणि फक्त गरम हवा पाइपने आत, किंवा गरम द्रवाच्या नळ्या भिंतीवर पसरून वर ब्लँकेट, अशी व्यवस्था होती. डिझेल खूप लागतं, आवाज होतो, पण चुन्यासाठी तेच योग्य.

आणि हवा गरम म्हणजे भिंत गरम नव्हे, हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागायचं. तंबूत १५ डिग्री असते, माणसं टीशर्टवर काम करतात, आणि भिंतीच्या आत एक फुटावर अजून शून्याखाली. मागे तर सगळी गोठलेली माती. नियम असा की चुना लावायच्या आधी दगडाचंच तापमान ५ डिग्रीच्या वर हवं आणि ते तिथे टिकायला हवं. म्हणून सांध्यांमध्ये खोल सेन्सर घातले होते, दर काही मिनिटांनी नोंद व्हायची, फोनवर आलेख दिसायचा. घरी रात्री झोपायच्या आधी मी तो आलेख बघायचे. रेतीसुद्धा गरम करून घ्यायची, कारण रेतीत बर्फाचे गोळे असतात. पाणी कोमट.

चुना आम्ही नैसर्गिक हायड्रॉलिक जातीचा वापरला, म्हणजे जो ओल्यातही धरतो, त्यात मुळातच चिकणमातीचा अंश असतो. आपल्याकडचा कंकर चुना याच घराण्यातला. बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं पण पाणी कोण मारतं? क्युरिंगचं काय?" मी म्हटलं बाबा, इथे सगळीकडे बर्फ आहे. तर म्हणाले, "बर्फ बाहेर आहे ना, तू आत शेगडी लावलीयस." आणि नेमकं तेच होतं. बाहेरची उणे वीसची हवा आत ओढून १५ डिग्रीपर्यंत तापवली की तिच्यातली आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते, मे महिन्यातल्या विदर्भापेक्षा कोरडी. ओठ फाटायचे, हाताची साल निघायची. तशा हवेत ताजा चुना काही तासांत सुकतो आणि सुकला की धरायचा थांबतो, नुसती वाळूची पूड राहते. चुन्याला धरायला ओल लागते. त्यामुळे थंडीपेक्षा आमची जास्त लढाई कोरडेपणाशी झाली. भिंतीवर गोणपाट टांगलं, पुण्यात टांगायचो अगदी तसंच, फक्त इथे पाणी कोमट, आणि दिवसातून अनेकदा बारीक फवारा. गोणपाट भिंतीला टेकलेलं चालत नाही, थोडं अंतर ठेवून, म्हणजे मागे दमट हवा राहते. फवारा जास्त झाला तर पाणी ओघळून खाली जायचं आणि तंबूच्या कडेला, जिथे ताडपत्री जमिनीला टेकते, तिथे गोठून बर्फाची पाळ तयार व्हायची. ती रोज फोडायची.

दर्जा भरायचं काम स्वतः शांत असतं. जुनं सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं, यंत्र फार थोड्या जागी, कारण यंत्राने दगडाची कड जाते. सांध्याच्या रुंदीच्या अडीच पट तरी खोल साफ करायचं, पाण्याने धुवायचं, दगड नुसता दमट राहील इतपत सुकू द्यायचं, मग चुना थराथराने दाबत भरायचा. एक थर बोटाने दाबून ठसा उमटेनासा झाला की पुढचा. शेवटी थापीने घोटून गुळगुळीत करायचं नाही, तर ताठ ब्रशने टोचून वरचा थर उघडा ठेवायचा, म्हणजे सांधा श्वास घेतो. एका ठिकाणी जुन्या सांध्यात खोलवर मूळचा चुना सापडला, पांढरा, त्यात न भाजलेल्या चुनखडीचे हरभऱ्याएवढे खडे, आणि त्यावर कुणाच्या तरी थापीची कड अजून दिसत होती. तेवढा तुकडा आम्ही हात न लावता तसाच आत ठेवला आणि वरून भरलं.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री उणे सत्तावीस होतं आणि हीटर बंद पडला. इंधन पुरवणाऱ्याने टाकीत हिवाळी डिझेल भरायला हवं होतं, भरलं नव्हतं, ते घट्ट होऊन फिल्टर चोंदला. रात्रीचा राखणदार होता त्याने लगेच फोन केला, आम्ही चौघं पोचलो तोवर आतली हवा शून्यावर आली होती. दगड मात्र अजून ६ डिग्रीवर, कारण दगडात ऊब साठलेली असते, आणि त्याच उबेने आम्हाला वेळ दिला. जेवढी ब्लँकेट होती ती सगळी ताज्या भागावर बांधली, दुसरा हीटर सुरू होईपर्यंत पहाट झाली. आलेखावर बघितलं तर भिंतीचा बहुतेक भाग ४ च्या खाली गेला नव्हता, पण वरच्या कोपऱ्यात, जिथे ताडपत्रीला फट होती, तिथला चुना गोठला होता. गोठलेला चुना ओळखू येतो, पृष्ठभागावर बारीक पंजासारख्या रेघा उमटतात आणि वितळल्यावर नखाने खरवडला तरी वाळू सुटते. तो पट्टा पूर्ण काढून नव्याने भरला. कुणीतरी सुचवलं की वरून पातळ थर मारू, दिसणार नाही. गवंड्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ छिन्नी घेतली.

चुना कितपत पिकला हे बघायला छोटा नमुना कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारतात, शाळेच्या लॅबमध्ये असायचं तेच. जिथे चुना अजून कच्चा तिथे गडद गुलाबी, जिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड व्हायला लागलाय तिथे रंगच येत नाही. नोव्हेंबरमध्ये भरलेल्या सांध्याचा नमुना फेब्रुवारीत बघितला तर बाहेरची कड बिनरंगी आणि आत सगळं गुलाबी. म्हणजे तीन महिने सांभाळूनसुद्धा चुना अजून बाल्यावस्थेत. आत पूर्ण व्हायला त्याला वर्षं लागणार आहेत. पण हायड्रॉलिक भाग धरलेला होता, आणि पुढच्या हिवाळ्याची पहिली गोठ सोसायला तेवढं पुरतं.

मार्चमध्ये सगळ्यात नाजूक टप्पा, उष्णता कमी करणं. कामाचा दबाव असतो, हीटरचं भाडं आणि डिझेल दोन्ही महाग, ऊन पडलं की मॅनेजमेंटला वाटतं झालं, काढा ताडपत्र्या. पण आत १२ डिग्रीची ओली भिंत आणि बाहेर रात्री उणे दहा, एकदम उघडली तर वरचा थर आक्रसतो, आतला नाही, बारीक तडे जातात आणि ओल गोठते ती वेगळीच. मी हट्ट धरला आणि गवंडी माझ्या बाजूने उभा राहिला. आधी गोणपाट काढलं, भिंत सुकू दिली, मग दर दिवशी थोडं थोडं तापमान उतरवलं, मग दुपारी ताडपत्री उघडायची आणि रात्री बंद, असं करत करत एप्रिल आला. यात जे दिवस गेले ते गेले. त्यामुळे वरचे दोन थर या वर्षी बसवता आले नाहीत, ते दगड अजून नंबर लावून अंगणातच आहेत आणि वर तात्पुरतं लाकडी झाकण आहे. कुणाकुणाला ते आवडलं नाही. मला विचाराल तर घाईत बसवून पुढच्या वर्षी परत उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मेमध्ये ओंडके काढले, पाणी हळूहळू आत सोडलं, एका दमात नाही. खालच्या कोपऱ्यात थोडी गळती दिसली, ती दुरुस्त केलेल्या भागात नव्हती, शेजारच्या जुन्या सांध्यात होती, तिची नोंद केली. बोटी वेळेवर सुरू झाल्या. जुलैमध्ये बोटी कमी असलेल्या एका सकाळी लॉक रिकामं करून आम्ही परत सांधे बघितले, पाण्याच्या रेषेपाशी एका ठिकाणी चुना किंचित झिजलाय, बाकी ठीक. ऑक्टोबरला पश्चिमेची भिंत घ्यायची आहे आणि ते वरचे दोन थर. यावेळी हिवाळी डिझेल पहिल्या भरणीपासून, लेखी, आणि दुसरा हीटर पहिल्या दिवसापासून साइटवर हवा अशी मागणी देऊन ठेवलीय.